वारा पडतो तेव्हा समुद्र तापतो

आमचे आजोबा चहा बशीत ओतून प्यायचे. दुधाचा दाट चहा, त्यामुळे मिनिटभर ठेवला की वर सायीचा पातळ पापुद्रा धरायचा. आजोबा बशी ओठांशी नेऊन हलकी फुंकर घालायचे. साय सुरकुतत पलीकडच्या काठाला गोळा व्हायची, अलीकडे खालचा चहा उघडा पडायचा आणि तिथून ते घोट घ्यायचे. फुंकर थांबली की साय पुन्हा पसरत ओठांकडे यायची. पुढे मी शाळेत भूगोल शिकवायला लागलो, तेव्हा एल निनो, म्हणजे पॅसिफिकचं पाणी काही वर्षी अवेळी तापतं ते, समजावताना फळ्यावरच्या कुठल्याच आकृतीने जे काम केलं नाही, ते त्या बशीने केलं.

पॅसिफिक महासागर ही ती बशी. उन्हाने तापलेलं वरचं पाणी म्हणजे साय. आणि फुंकर म्हणजे विषुववृत्तावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जवळजवळ बारा महिने वाहणारे व्यापारी वारे.

समुद्र अवेळी तापल्याची बातमी आली की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो असा की यंदा ऊन जास्त पडलं असेल. पण विषुववृत्तावरचं ऊन एका वर्षातून दुसऱ्या वर्षात फारसं बदलत नाही. तरीही पेरूच्या किनाऱ्यावरचं पाणी काही आठवड्यांत तीन-चार अंशांनी तापतं. मग एवढी उष्णता आली कुठून? बहुतेक वेळा ती समुद्रात आधीपासूनच असते. तिला ढकलणारा, खालच्या थंड पाण्यात मिसळून टाकणारा, वाफेबरोबर उडवून लावणारा वारा तेवढा बदललेला असतो. उष्ण कटिबंधातले समुद्र का तापतात हे समजून घ्यायचं तर थर्मामीटरच्या आधी वाऱ्याकडे बघायला हवं.

वाऱ्याचा हात

समुद्राच्या वरच्या थराचं तापमान ही जमाखर्चाची वही आहे. जमेच्या बाजूला सूर्य. खर्चाच्या बाजूला बरंच काही, आणि त्यातल्या बहुतेक नोंदी वाऱ्याच्या हातच्या. माठ झुळकीत ठेवला की पाणी जास्त गार होतं, तसंच वारा समुद्रावरून वाहताना पाण्याची वाफ करून उष्णता घेऊन जातो. वारा मंदावला की ही उष्णता पाण्यातच राहते. त्यात आकाश निरभ्र असेल तर ढगांचं छत्रही नाही, म्हणजे जमा वाढलेली आणि खर्च थांबलेला.

दुसरं काम विसणाचं. बंबातलं कढत पाणी बादलीत घेतलं की आपण त्यात विसण घालतो. समुद्रात वरचा थर उष्ण आणि काही डझन मीटर खाली गेलं की पाणी झपाट्याने थंड होत जातं. या दोहोंमधल्या सांध्याला थर्मोक्लाइन म्हणतात. जोराचा वारा पाणी घुसळतो आणि खालचं थंड पाणी वरच्या थरात मिसळतो. वारा पडला की विसण थांबतं. मग ऊन तेवढंच असलं तरी तापतो तो मोजका पातळ थर, आणि थर पातळ म्हणून तो लवकर तापतो. तवाभर पाणी आणि पातेलंभर पाणी एकाच आचेवर ठेवून पाहिलं की हे कळतं.

मालवणच्या जेटीवर एकदा एप्रिल अखेरीस एका तांडेल काकांशी बोलत होतो. सकाळची वेळ, समुद्र तेलासारखा सपाट. मी विचारलं, "काका, आज जाळ्यात काय नाही?" ते म्हणाले, "वारो पडलो की पाणी तापता, मासो खोल जाता." मी वर्गात पाऊण तास घेऊन जे सांगायचो, ते त्यांनी आठ शब्दांत सांगितलं.

तिसरं काम ढकलण्याचं, म्हणजे बशीतल्या फुंकरीचं. पॅसिफिकमध्ये खरी गंमत इथे आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

पैता बंदरातला पाहुणा

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर पैता नावाचं बंदर आहे. तिथल्या मच्छिमारांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं की नाताळच्या सुमारास उत्तरेकडून एक कोमट प्रवाह येतो. त्याला ते एल निनो म्हणत. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ छोटा मुलगा, म्हणजे इथे बाळ येशू. कामिलो कारियो या नौदलातल्या कप्तानाने १८९२ साली लिमाच्या भूगोल संस्थेत या प्रवाहाविषयी सांगितलं आणि नाव कागदावर आलं. तेव्हा हे दरवर्षीच्या पाहुण्याचं नाव होतं. काही वर्षी मात्र पाहुणा मुक्काम ठोकायचा, मासे गायब व्हायचे आणि वाळवंटात पूर यायचे. आज आपण एल निनो म्हणतो तो हा मुक्काम ठोकणारा.

एरवी पेरूचं पाणी विषुववृत्ताच्या इतकं जवळ असूनही थंड असतं. किनाऱ्याला समांतर वाहणारा दक्षिणेचा वारा आणि पृथ्वीचं फिरणं यांमुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर जातं आणि ती जागा भरायला खोलातलं थंड पाणी वर येतं. या पाण्यासोबत तळाकडचं खत वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात आणि त्यांच्यावर अँचोव्हेटा हा छोटा मासा. १९७० साली एकट्या पेरूने या एका माशाचे १ कोटी २० लाख टनांहून अधिक उत्पादन काढलं. जगातली ती सगळ्यात मोठी मासेमारी होती.

आता संपूर्ण बशीकडे पाहू. व्यापारी वारे वरचं उष्ण पाणी ढकलत ढकलत इंडोनेशियाच्या बाजूला साठवतात. इतकं की तिथली समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर वर असते. पश्चिमेला उष्ण पाण्याचा थर दीडशे मीटरपर्यंत जाड, पूर्वेला तोच जेमतेम चाळीस-पन्नास मीटर. तापमानात सुमारे आठ अंशांचा फरक. पश्चिमेच्या उष्ण पाण्यावर हवा तापून वर चढते, ढग जमतात, पाऊस पडतो आणि तिथला हवेचा दाब कमी होतो. पूर्वेला थंड पाण्यावर हवा खाली बसते, दाब जास्त. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा धावते, आणि हे धावणं म्हणजेच ते व्यापारी वारे.

म्हणजे वारा आहे म्हणून पश्चिमेला पाणी उष्ण आहे, आणि पश्चिमेला पाणी उष्ण आहे म्हणून वारा आहे. दोघं एकमेकांच्या आधाराने उभे. याकोब बियर्कनेस या नॉर्वेजियन वंशाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये ही जोडी नीट मांडली. मला विचाराल तर एल निनो समजून घेण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. कारण जे दोघं एकमेकांच्या आधाराने उभे असतात, त्यांच्यातला एक डळमळला की दुसराही डळमळतो. वारा जरा सैल पडला की उष्ण पाणी थोडं पूर्वेकडे सरकतं. त्यामुळे पूर्व-पश्चिम फरक कमी होतो. फरक कमी झाला की वारा आणखी सैल पडतो. मग आणखी पाणी पूर्वेकडे येतं. सहा-आठ महिन्यांत साय सगळ्या बशीभर पसरलेली असते.

पेरूच्या किनाऱ्यावर तेव्हा काय होतं हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. तिथला किनाऱ्यालगतचा वारा बऱ्याचदा वाहतच असतो आणि खालचं पाणी वर येणंही चालू असतं. पण उष्ण थर इतका जाड झालेला असतो की वर येतं तेही उष्ण पाणीच, खत नसलेलं. रहाट फिरतोय, पोहराही भरून येतोय, पण गार पाणी फार खोल गेलंय.

ठिणगी आणि दारू

मग हा वारा पहिल्यांदा सैल पडतो कशाने? पश्चिम पॅसिफिकमध्ये अधूनमधून उलटे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे, वाऱ्याचे झोत सुटतात. आठवडा-दोन आठवडे टिकतात. यांतले बरेच झोत ढगांच्या एका मोठ्या पट्ट्याशी जोडलेले असतात. तो हिंदी महासागरात जन्म घेतो आणि महिना-दोन महिन्यांच्या फेऱ्याने पूर्वेकडे सरकत राहतो. मॅडन-ज्युलियन दोलन हे त्याचं नाव. आपल्या मान्सूनच्या पावसाची उघडीप आणि झड यांतही त्याचा हात असतो. म्हणजे कोकणात पावसाला जोर आणणारा ढगांचा पट्टा पुढे जाऊन पॅसिफिकमध्ये एल निनोची काडी ओढू शकतो.

उलट्या झोताने पाण्यात एक लाट निघते. ही लाट डोळ्यांना दिसणारी नव्हे. वर पाणी दहा-वीस सेंटिमीटर फुगतं, पण खाली थंड-उष्ण पाण्यामधला सांधा कित्येक मीटर दबला जातो. केल्विन लाट असं तिला म्हणतात. ती विषुववृत्त धरून सावकाश चालवलेल्या सायकलच्या वेगाने, पण रात्रंदिवस न थांबता, पूर्वेकडे जाते आणि दोन-तीन महिन्यांनी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागते. १९९७ च्या मार्चमध्ये असाच एक जोरदार झोत सुटला. त्या वर्षाच्या अखेरीस विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या एल निनोंपैकी एक उभा होता.

पण नुसती ठिणगी पुरत नाही, दारूही साठलेली लागते. झोत दरवर्षी सुटतात आणि एल निनो दोन ते सात वर्षांनी येतो, त्याचं हे एक मोठं कारण. व्यापारी वारे काही वर्षं जोरात वाहिले की पश्चिमेला आणि विषुववृत्ताखाली उष्ण पाण्याचा साठा भरत जातो. २०२० पासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत सलग तीन हिवाळे ला निना होती, म्हणजे वारे नेहमीपेक्षा जोरदार. तीन वर्षं साठा भरत राहिला आणि २०२३ मध्ये मोकळा झाला. एल निनो आला की हीच साठवण पूर्वेकडे आणि मग विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिणेला वाहून जाते, साठा रिकामा होतो, खालचा थंड थर पुन्हा वर येतो आणि एल निनो मोडतो. म्हणूनच तो सहसा वर्ष-सव्वा वर्षापलीकडे टिकत नाही.

हे सगळं आपल्याला आज इतकं स्वच्छ दिसतं, त्यामागे १९८२ ची फजिती आहे. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेने आणि धुराने उपग्रहांची नजर धूसर झाली आणि समुद्र आहे त्यापेक्षा थंड दिसू लागला. जहाजांकडून येणाऱ्या काही नोंदी इतक्या उष्ण होत्या की त्या चुकीच्या असणार असं मानून गाळल्या गेल्या. सप्टेंबर अखेरीस त्याच पैता बंदरात चोवीस तासांत पाणी सुमारे ४ अंशांनी तापलं, तरी शतकातला एक प्रचंड एल निनो आपल्या पायाखाली उभा आहे हे तज्ज्ञांना उशिरा कळलं. या धक्क्यातूनच विषुववृत्तावर आडवी तरंगत्या नोंदयंत्रांची रांग बसवायचं ठरलं. १९९४ च्या अखेरीस अशी सुमारे सत्तर यंत्रं पॅसिफिकभर नांगरून झाली. प्रत्येकाखाली पाचशे मीटरपर्यंत तापमापक लटकवलेले. नंतरचा १९९७ चा एल निनो त्यांनी जन्मापासून पाहिला.

सिमला ऑफिस

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस नावाचा बसथांबा आहे. रोज हजारो लोक ते नाव घेतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या दगडी इमारतीला हे नाव पडलं. मुख्यालय सिमल्याला होतं तेव्हा, १९०४ ते १९२४, गिल्बर्ट वॉकर हे गणिती त्याचे प्रमुख होते. १८९९ च्या भीषण दुष्काळाचा घाव ताजा होता आणि मान्सूनचा अंदाज कसा द्यायचा हा त्यांच्यापुढचा प्रश्न. वॉकरनी हवामानशास्त्राचा पूर्वाभ्यास केलेला नव्हता. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे, पावसाचे आकडे गोळा केले आणि भारतीय कारकुनांच्या मदतीने हाताने गणितं करत बसले. त्यांतून दिसलं की पॅसिफिकच्या एका बाजूला दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो, जणू तराजूची दोन पारडी. याला त्यांनी दक्षिणी दोलन म्हटलं. पारडी का हलतात हे त्यांना सांगता आलं नाही, कारण उत्तर समुद्रात होतं आणि समुद्राचे आकडे तेव्हा नव्हतेच. ते उत्तर बियर्कनेसनी दिलं आणि पॅसिफिकवरच्या त्या हवेच्या चक्राला वॉकरचं नाव ठेवलं. आपल्या पावसाच्या काळजीतून सुरू झालेला शोध पेरूच्या किनाऱ्यापर्यंत पोचला, याचा मला आजही आनंद होतो.

पेरूच्या किनाऱ्यावर पाणी तापलं की आपल्याकडे पाऊस का रुसतो, हेही आता सांगता येतं. उष्ण पाणी पूर्वेकडे सरकलं की हवा वर चढण्याची जागाही त्याच्याबरोबर सरकते. मग इंडोनेशिया आणि भारताच्या बाजूला हवा खाली बसू लागते. खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत.

१९७२. महाराष्ट्रात हा आकडा नुसता उच्चारला तरी जुन्या माणसांना मिलोच्या भाकरी, सुकडी आणि खडी फोडायची कामं आठवतात. रोजगार हमी योजनेची मुळं त्याच दुष्काळात आहेत. दुष्काळ आधीच्या एक-दोन वर्षांपासूनच चालत आला होता, पण १९७२ च्या पावसाने कंबर मोडली आणि ते एल निनोचं वर्ष होतं. त्याच वेळी तिकडे पेरूत अँचोव्हेटा कोसळला. १९७३ चं उत्पादन वीस लाख टनांच्या आसपास आलं. आधीच्या बेसुमार मासेमारीचाही त्यात वाटा होताच. मराठवाड्यातला शेतकरी आणि पेरूतला मच्छिमार एकमेकांना कधी भेटले नसतील, पण त्या वर्षी दोघांच्या चुली एकाच पाण्याने विझवल्या. पुढे २००२, २००९, २०१५ अशी वर्षं त्याच वाटेने गेली. २०१५ च्या पावसाने दगा दिल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

मात्र एल निनो म्हणजे दुष्काळ असं सरळ समीकरण मांडणाऱ्यांशी माझं पटत नाही. १९९७ चा एल निनो एवढा मोठा, पण देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. कारण त्या वर्षी आपल्या अंगणातही एक बशी कलली होती.

अंगणातली बशी

हिंदी महासागरातही असाच खेळ चालतो, फक्त दिशा उलट. इथे उष्ण पाणी एरवी पूर्वेला, सुमात्राच्या बाजूला असतं. काही वर्षी विषुववृत्तावर पूर्वेकडून वारा सुटतो, सुमात्रा आणि जावाच्या किनाऱ्याशी खालचं थंड पाणी वर येतं आणि उष्ण पाणी आफ्रिकेच्या बाजूला जमतं. याचं नाव इंडियन ओशन डायपोल. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी १९९९ मध्ये तो जगासमोर मांडला. यांतले बी. एन. गोस्वामी पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले. पश्चिमेकडे उष्ण पाणी जमलं की आपल्याकडे बाष्पाची आवक वाढायला मदत होते. १९९७ मध्ये याच गोष्टीने एल निनोची धार बोथट केली.

२०१९ मध्ये हा डायपोल फारच ताणला गेला. जूनमध्ये देशात पावसाची मोठी तूट होती आणि हंगाम संपताना आकडा सरासरीच्या ११० टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर अखेरीस अरबी समुद्रात क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं एकाच वेळी फिरत होती. कोकणात ऐन भातकापणीच्या वेळी क्यारच्या पावसाने कापलेली रोपं शेतातच कुजली. पलीकडच्या काठावर, ऑस्ट्रेलियात, तोच थंड पूर्व समुद्र पाऊस रोखून धरत होता आणि जंगलं पेटत होती. अटलांटिकमध्येही आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत असंच, थोडं लहान दोलन आहे. कारणमीमांसा तीच, म्हणून तिकडे वळत नाही.

आता आपल्या दोन समुद्रांकडे येऊ. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी आणि आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी एवढं गोडं पाणी ओततात की वर कमी खारट पाण्याचं झाकण बसतं. गोडं पाणी हलकं, ते खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. वारा असला तरी विसण पोचत नाही आणि ऊन त्या झाकणातच मुरतं. हिवाळ्यात यातलं काही पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळ-लक्षद्वीपच्या समुद्रात येतं. एप्रिल-मे मध्ये तिथे वारा पडलेला, आकाश मोकळं आणि वर हे झाकण. जगातल्या सगळ्यात उष्ण समुद्रतुकड्यांपैकी एक तिथे तयार होतो, ३० अंशांच्या वर. मग जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारा येतो, पाणी घुसळतो, सोमालिया आणि केरळच्या किनाऱ्याशी थंड पाणी वर काढतो. त्यामुळे आपला अरबी समुद्र मे महिन्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये गार असतो. उत्तर गोलार्धातल्या दुसऱ्या बहुतेक समुद्रांचं उलट आहे.

एखाद्या जागचं पाणी सलग पाच दिवस किंवा जास्त, त्या तारखेच्या तीस वर्षांच्या नोंदींतल्या वरच्या दहा टक्क्यांपलीकडे गेलं की त्याला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. २०११ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जे घडलं त्यानंतर हा शब्द रुळला. मे २०२० मध्ये अशी लाट बंगालच्या उपसागरात होती. मन्नारच्या आखातात पाहणी केलेल्या प्रवाळांपैकी सुमारे ८५ टक्के पांढरे पडले. त्याच महिन्यात अम्फान वादळ त्या उपसागरावरून जाताना बघता बघता महाचक्रीवादळ झालं.

प्रवाळ पांढरं पडणं म्हणजे काय हे जवळून पाहिलं तर जीव गलबलतो. प्रवाळाचा जीव टाचणीच्या डोक्याएवढा. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न पुरवतं आणि तेच त्याला रंग देतं. पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं की हे शैवाल विष सोडू लागतं आणि प्रवाळ त्याला अंगाबाहेर टाकतं. मागे उरतो पारदर्शक देह आणि आतला पांढरा चुन्याचा सांगाडा. ते अजून जिवंत असतं, पण उपाशी. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, नाहीतर ते मरतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये घडलं. चारही वर्षं एल निनोच्या पाठोपाठची. पॅसिफिकमधल्या एल निनोने हिंदी महासागरावरचे वारे आणि ढग कमी होतात आणि काही महिन्यांच्या उशिराने आपलाही समुद्र तापतो.

पाटावर उभं मूल

इथवर सगळं दोलनांचं. दोलनं पूर्वीही होती. पण त्यांच्या खालची जमीनच आता उंचावते आहे. हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीवर अडकणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्र पोटात घेतो. समुद्राचे वरचे अडीच-तीन मीटर संपूर्ण वातावरणाएवढी उष्णता धरू शकतात, त्यामुळे त्याची ही सहनशीलता आपल्याला कळतही नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढलं.

घरात शिंकं टांगलेलं आहे आणि मूल टाचा उंचावून हात पोचवू पाहतंय. मूल तेवढंच उंच, पण त्याला पाटावर उभं केलं की हात शिंक्याला लागतो. एल निनो, डायपोल, पडलेला वारा हे ते टाचा उंचावणं. तापमानवाढ म्हणजे पाट. पूर्वी ज्या दोलनाने प्रवाळाला नुसता घाम फुटायचा, त्याच आकाराचं दोलन आता त्याचा जीव घेतं. म्हणून "हे निसर्गाचं चक्रच आहे" आणि "हे सगळं तापमानवाढीमुळे" ही दोन्ही वाक्यं एकटी उभी केली की खोटी पडतात.

दर एप्रिलमध्ये एल निनोच्या बातम्या सुरू होतात, तेव्हा ओळखीचे लोक मला विचारतात, "सर, यंदा काय?" एप्रिल-मे हा पॅसिफिकमध्ये पूर्व-पश्चिम फरक सगळ्यात कमी असण्याचा, वारे ढिले असण्याचा काळ. तेव्हा छोटासा झोतही चित्र बदलू शकतो, म्हणून या महिन्यांतले एल निनोचे अंदाज वर्षातले सगळ्यात कच्चे असतात. मी त्यांना पृष्ठभागाच्या तापमानाचा आकडा सांगत नाही. इंडोनेशियाच्या पूर्वेला शंभर-दीडशे मीटर खाली उष्ण पाण्याचा साठा आहे का, तिथला वारा पश्चिमेकडून सुटलाय का आणि सुमात्राच्या किनाऱ्याशी पाणी गार होऊ लागलंय का, एवढं बघतो. जूनच्या मध्यावर पुन्हा विचारा म्हणतो. तोवर पॅसिफिकचा वारा आपली दिशा ठरवू लागलेला असतो आणि आपल्या अरबी समुद्रात विसण पडायला सुरुवात झालेली असते.